दोन जिवांची बाई आणि कर्करोग : वाट पाहण्याचा एक इतिहास

गर्भवतीला मराठीत 'दोन जिवांची' म्हणतात. नांदेड-लातूरच्या खेड्यांतून हा शब्दप्रयोग आजही सहज कानी पडतो. 'डोहाळे' हा शब्दही याच कल्पनेतून आलेला आहे. त्याचे मूळ संस्कृत 'दोहद' या शब्दात, आणि दोहदाचा संबंध परंपरेने दोन हृदयांशी जोडलेला. जुन्या वैद्यकग्रंथांनी गर्भिणीला 'दौहृदिनी' म्हटले ते म्हणूनच; एका देहात दोन हृदये, सबब तिची इच्छा ही दोघांची इच्छा. साहित्याच्या अभ्यासकांना डोहाळ्यांची गाणी आणि डोहाळजेवणाचे सोपस्कार चांगले परिचित असतात. पण या गोड शब्दात एक कठीण प्रश्न दडलेला आहे, आणि त्याकडे आपण क्वचितच पाहतो. दोन जिवांच्या बाईला जीवघेणा आजार जडला, तर उपचार कोणत्या जिवाचा करायचा?

कर्करोगाच्या बाबतीत हा प्रश्न सर्वांत तीव्र होतो. गर्भ आणि कर्करोग या दोहोंतही पेशींची झपाट्याने वाढ होते, आणि वाढ रोखणारे औषध अशी वाढ आणि तशी वाढ असा भेद सहसा करत नाही. पाश्चात्त्य देशांतील ढोबळ अंदाज असा की हजार गर्भवतींत सुमारे एकीला हे दुहेरी संकट गाठते. आकडा लहान वाटतो. तथापि या एका बाईच्या निमित्ताने वैद्यकाने, कायद्याने आणि समाजाने जे निर्णय घेतले, त्यांचा इतिहास मोठा आहे. आमच्या मते हा इतिहास मुख्यतः वाट पाहण्याचा इतिहास आहे. कधी ज्ञान नव्हते म्हणून वाट पाहावी लागली, कधी रुग्णालय नव्हते म्हणून, आणि पुष्कळदा बाईला कोणी विचारलेच नाही म्हणून. या तीन प्रकारच्या वाटा वेगळ्या करून पाहिल्यावाचून मराठवाड्याची गोष्ट नीट कळत नाही.

पहिली वाट ज्ञानाच्या अभावाची. तिचा एक प्राचीन दाखला चरकसंहितेत आहे. 'रक्तगुल्म' नावाचा केवळ स्त्रियांना होणारा विकार तेथे वर्णिलेला आहे. त्याची लक्षणे गर्भारपणासारखीच असतात: पाळी थांबते, पोट वाढते, डोहाळेही लागतात. हा गुल्म की गर्भ, हे बाहेरून कळायचे कसे? चरकाने यावर दिलेला नियम मोठा विचारप्रवर्तक आहे. रक्तगुल्माची चिकित्सा दहावा महिना उलटल्यावरच करावी, असे तो सांगतो. गर्भ असेल तर तोवर जन्मेल. नसेल तर गुल्म आहे हे सिद्ध होईल. सोनोग्राफी नसलेल्या काळात संशयाचा फायदा गर्भाला देणारा हा नियम होता. त्यात निष्काळजीपणा नव्हता. काळ हेच निदानाचे एकमेव साधन हाती असताना वैद्याने ते विचारपूर्वक वापरले. अर्थात त्या दहा महिन्यांत आजारी बाईचे काय होत असेल, हा प्रश्न राहतोच. सुश्रुताने अर्बुदाचे वर्णन केले आणि अडलेल्या बाळंतपणाची, म्हणजे मूढगर्भाची, स्वतंत्र चर्चाही केली. गर्भ जिवंत असताना त्यावर शस्त्र चालवू नये, त्याने दोघांचाही घात होतो, असे त्याचे मत. म्हणजे दोन जीव एकमेकांत गुंतलेले आहेत आणि एकाला वगळून दुसऱ्याचा विचार करता येत नाही, ही जाण आपल्याकडे जुनीच आहे.

आधुनिक युरोप-अमेरिकेतील शल्यवैद्यकाने सुरुवातीला ही जाण वाढवली नाही, उलट हात टेकले. १८८० साली फिलाडेल्फियाच्या सॅम्युअल ग्रॉस या शल्यविशारदाने लिहून ठेवले की गर्भारपणात झालेली स्तनाची गाठ विलक्षण वेगाने वाढते आणि फार घातक ठरते. पुढे १९४३ साली न्यूयॉर्कच्या हागेन्सन आणि स्टाउट यांनी शस्त्रक्रिया निरर्थक ठरणाऱ्या रुग्णांची जी यादी केली, तीत गर्भवती आणि अंगावर पाजणाऱ्या स्त्रिया घातल्या. म्हणजे गर्भारपण हेच उपचार नाकारण्याचे कारण झाले. हे निष्कर्ष नंतर बदलले. रोगाची अवस्था सारखी असेल तर गर्भवतीची स्थिती इतर स्त्रियांहून फारशी निराळी नसते, असे पुढील अभ्यासांतून दिसत गेले. अडचण वेगळीच होती: गर्भवतीची गाठ ओळखली जात होती उशिरा. दुधाने भरू लागलेल्या छातीतील गाठ 'दुधाचीच' समजली जाई. गर्भ काढून टाकल्याने स्तनाचा कर्करोग बरा होण्यास मदत होते, ही समजूतही पुढे टिकली नाही. गर्भाला दोष देण्यात वैद्यकाची कित्येक दशके गेली. दोष होता तो विलंबाचा.

यानंतरचा धागा थेट आपल्या मुंबईशी येऊन मिळतो, आणि तो आमच्या वाचकांना फारसा ठाऊक नसावा. १९२८ साली लूसी विल्स ही इंग्रज संशोधक मुंबईत आली. परळच्या हाफकिन संस्थेत राहून तिने गर्भवती स्त्रियांच्या घातक पांडुरोगाचा शोध सुरू केला. तिच्यासमोर होत्या मुंबईच्या गिरणगावातल्या गरीब कामकरी बायका. त्यांचे जेवण निकृष्ट होते, आणि गर्भारपणात त्यांचे रक्त इतके खालावे की त्यात कित्येकींचा अंत होई. यकृताचा अर्क आणि यीस्टपासून केलेला मारमाइट हा स्वस्त पदार्थ दिल्यावर हा पांडुरोग हटतो, हे तिने दाखवले आणि १९३१ साली प्रसिद्ध केले. त्या पदार्थातील गुणकारी द्रव्याला काही काळ 'विल्स घटक' म्हणत. तेच पुढे फोलिक ॲसिड म्हणून ओळखले गेले. आज नांदेड-लातूरच्या प्रत्येक उपकेंद्रावर गर्भवतीच्या हाती लोह आणि फोलिक ॲसिडच्या गोळ्या ठेवल्या जातात. त्या गोळीच्या जन्मकथेत गिरणगावातल्या त्या निनावी बायका आहेत.

कथा येथे संपत नाही. आंध्रातील भीमावरम येथे जन्मलेले यल्लाप्रगडा सुब्बाराव अमेरिकेतील लेडर्ली प्रयोगशाळेत काम करत होते. १९४५ च्या सुमारास त्यांच्या चमूने फोलिक ॲसिड कृत्रिमरीत्या तयार केले आणि पाठोपाठ त्याच्या विरोधी द्रव्येही. ही द्रव्ये फोलिक ॲसिडसारखी दिसत, पण पेशीला फसवून तिची वाढ थांबवत. त्यांतील अमिनोप्टेरिन वापरून बोस्टनच्या सिडनी फार्बर यांनी रक्ताच्या कर्करोगाने ग्रासलेल्या १६ मुलांवर उपचार केले. त्यांतील १० मुलांना काही काळ उतार पडला. हा वृत्तान्त १९४८ साली प्रसिद्ध झाला. कर्करोगावरील रासायनिक उपचारांचा हा एक आरंभ. जे द्रव्य मिळाल्यावाचून गर्भवतीचे रक्त भरत नाही, त्याचीच उपासमार घडवून कर्करोगाच्या पेशी मारता येतात, असे त्यातून समजले.

यातून दोन गोष्टी निघाल्या आणि त्या परस्परविरुद्ध होत्या. १९५२ साली अमिनोप्टेरिनने गर्भपात घडवण्याचे प्रयोग प्रसिद्ध झाले. त्यांत जे गर्भ वाचले त्यांतील काहींमध्ये जन्मजात व्यंगे आढळली. मागाहून १९६१ साली थॅलिडोमाइडचे प्रकरण जगापुढे आले आणि गर्भवतीला कोणतेही औषध देण्याची धास्तीच वैद्यकाने घेतली. दुसरी गोष्ट आनंदाची. १९५६ साली मिन चिउ ली आणि रॉय हर्ट्झ यांनी अमिनोप्टेरिनच्या भावंडाने, मेथोट्रेक्सेटने, कोरिओकार्सिनोमा हा कर्करोग बरा करता येतो असे दाखवले. हा कर्करोग गर्भारपणातूनच जन्मतो, वारेच्या पेशींपासून. पुष्कळदा त्याच्या आधी 'द्राक्षगर्भ' असतो: गर्भाशयात बाळाऐवजी द्राक्षांच्या घोसासारखे फुगे वाढतात. चरकाच्या रक्तगुल्मातले काही रुग्ण असेच असतील काय, असा विचार मनात येतो; तो सिद्ध करता येणार नाही. पण एवढे खरे की शरीरभर पसरलेला घन कर्करोग केवळ औषधाने बरा होतो याचा पहिला पुरावा गर्भारपणाच्या कर्करोगाने दिला.

ज्ञानाची वाट अशी हळूहळू सरत असताना मराठवाड्याची बाई कोठे होती? दुसरी वाट येथे सुरू होते, रुग्णालयाच्या अंतराची. लूसी विल्स परळला सूक्ष्मदर्शकाखाली रक्त तपासत होती तेव्हा नांदेड आणि लातूर निजामाच्या राज्यात होते. लातूर हा उस्मानाबाद जिल्ह्यातला एक तालुका होता. त्याचा स्वतंत्र जिल्हा १६ ऑगस्ट १९८२ रोजी झाला. नांदेडची दिशा मनमाड-सिकंदराबाद लोहमार्गाने हैदराबादकडे, तर लातूरची दिशा बार्शी लाइट रेल्वेच्या अरुंद रुळांवरून बार्शी-कुर्डुवाडीकडे. दोन शहरे शेजारची, पण आजारी माणसाच्या प्रवासाची तोंडे निरनिराळ्या बाजूंना.

कर्करोगाचे मोठे रुग्णालय मुंबईत झाले. टाटा स्मारक रुग्णालय परळला २८ फेब्रुवारी १९४१ रोजी उघडले, तेही हाफकिन संस्थेच्या परिसराजवळच. हैदराबादेत मेहदी नवाज जंग यांच्या नावाने ओळखले जाणारे कर्करोग रुग्णालय १९५५ साली आले. नांदेडहून हैदराबाद पावणेतीनशे किलोमीटर, मुंबई त्याच्या दुपटीहून दूर. त्या वेळी हैदराबाद ही मराठवाड्याचीच राजधानी होती. पण १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना होऊन मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात गेला. भाषेच्या दृष्टीने ही घटना न्याय्यच होती. मात्र नांदेडच्या रुग्णाच्या दृष्टीने जवळचे रुग्णालय परराज्यात गेले आणि आपल्या राज्याचे रुग्णालय लोहमार्गाने सहाशे किलोमीटरवर राहिले. राजकीय इतिहास लिहिताना हा हिशेब कोणी मांडत नाही.

सहा-सात महिन्यांच्या गर्भवतीला हा प्रवास किती अवघड होता, याची कल्पना करणे कठीण नाही. बाळंतपण माहेरी, माहेर खेड्यात, सोबत जायला माणूस हवा, सुगीत तो मिळत नाही. 'बाळंतपण होऊ दे, मग बघू' हे वाक्य या परिस्थितीत जन्माला येते. चरकाच्या नियमात आणि या वाक्यात बाह्यतः साम्य आहे. दोन्हींत दहा महिने थांबायचे आहे. पण चरकाचे थांबणे निदानासाठी होते, आणि हे थांबणे गाडीभाड्यासाठी.

अंतर कमी करण्याचे प्रयत्न झाले, आणि ते याच भागातील माणसांनी केले, हे नोंदवणे आम्हांला महत्त्वाचे वाटते. १९६६ साली डॉ. अशोक कुकडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लातूरला विवेकानंद रुग्णालय सुरू केले. पुढे तेथे कर्करोगावरील उपचारही होऊ लागले. अंबाजोगाईला १९७४ साली, नांदेडला १९८८ साली आणि लातूरला २००२ साली शासकीय वैद्यकीय महाविद्यालये आली. औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, २०१२ साली शासकीय कर्करोग रुग्णालय उभे राहिले. त्याच वर्षी राज्य शासनाची राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना ज्या पहिल्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यांत नांदेड होता. आज ती महात्मा जोतीराव फुले यांच्या नावाने चालते आणि कर्करोगाचे उपचार तिच्या कक्षेत आहेत.

सर्वांत बोलके काम मात्र बार्शीला झाले. लातूरच्या जुन्या छोट्या रेल्वेने जोडलेल्या या गावात डॉ. बी. एम. नेने यांच्या पुढाकाराने नर्गिस दत्त यांच्या नावाचे कर्करोग रुग्णालय चालू झाले, आणि १९८७ साली बार्शी, परांडा आणि भूम या तालुक्यांसाठी भारतातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. शहरातील नोंदणीत रुग्णालयांची कागदपत्रे तपासून आकडे काढतात. येथे तो उपाय चालणार नव्हता, कारण रुग्ण रुग्णालयात येतच नव्हते. म्हणून कार्यकर्तेच गावोगाव जाऊ लागले. लोकांशी बोलायचे, लक्षणे समजावून सांगायची, संशयित रुग्णाला तपासणीस आणायचे. परिणाम असा झाला की गर्भाशयमुखाचा कर्करोग पूर्वीपेक्षा लवकरच्या अवस्थेत सापडू लागला. नुसते विचारपूस करणारे माणूस दारात आल्याने रोगाची अवस्था बदलते, ही गोष्ट कोणत्याही औषधाच्या शोधाइतकी मोलाची आहे.

गर्भाशयमुखाचा कर्करोग येथे विशेष महत्त्वाचा, कारण गर्भारपणात आढळणाऱ्या कर्करोगांत तो प्रमुख आहे आणि लहान वयात लग्न व अनेक बाळंतपणे यांच्याशी त्याचा संबंध आहे. याच पट्ट्यात, तेव्हाच्या उस्मानाबाद आणि आजच्या धाराशिव जिल्ह्यात, ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रियांवर एक मोठा अभ्यास झाला. त्याचे निष्कर्ष २००९ साली प्रसिद्ध झाले. गावांचे ५२ गट केले होते. ज्या गटांत विषाणूची, म्हणजे एचपीव्हीची, तपासणी केली तेथील ३४,१२६ स्त्रियांपैकी ३४ जणी या रोगाने दगावल्या. ज्या गटांत तपासणी केली नाही तेथील ३१,४८८ पैकी ६४. एकदाच केलेल्या तपासणीने मृत्यू जवळपास निम्म्यावर येतात, हे जगाला मराठवाड्यातील बायकांनी शिकवले. तपासणीविना ठेवलेल्या गटाबद्दल पुढे नैतिक आक्षेप घेतले गेले आणि त्यावर वाद झडला. अभ्यासकर्त्यांचे म्हणणे असे की त्या स्त्रियांना उपलब्ध सेवांची माहिती दिली होती आणि तीच तेथील नेहमीची स्थिती होती. वादाचा निवाडा करण्याचा आमचा अधिकार नाही. पण 'नेहमीची स्थिती' या दोन शब्दांत त्या ६४ जणींची वाट पाहणे सामावलेले आहे, एवढे म्हणावेसे वाटते.

आता तिसरी वाट: बाईला न विचारण्याची. येथे कायद्याचा इतिहास पाहावा लागतो. १८६० च्या दंडसंहितेने गर्भपात गुन्हा ठरवला, पण स्त्रीचा जीव वाचवण्यासाठी सद्‌हेतूने केलेला गर्भपात त्यातून वगळला. म्हणजे दोहोंतून एक निवडायची वेळ आली तर आईचा जीव आधी, हे कायद्याने तेव्हाच मान्य केले होते. १९६४ साली महाराष्ट्राचे तत्कालीन आरोग्यमंत्री शांतिलाल शहा यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली, तिच्या अहवालावरून १९७१ चा वैद्यकीय गर्भपाताचा कायदा झाला आणि १ एप्रिल १९७२ पासून तो लागू झाला. या कायद्यातील एका कलमाकडे आम्ही लक्ष वेधू इच्छितो. सज्ञान स्त्रीच्या बाबतीत केवळ तिचीच संमती लागते. नवऱ्याची, सासऱ्याची वा अन्य कोणाची सही कायदा मागत नाही. प्रत्यक्षात निर्णय पडवीत बसलेली पुरुषमंडळी घेतात आणि बाई आत असते, हे आपल्या कथा-कादंबऱ्यांनीच आपल्याला दाखवले आहे.

आणि आज वैद्यक जे सांगते ते ऐकण्याची संधी त्या बाईला मिळाली तर? २०१५ साली बेल्जियमच्या फ्रेडेरिक आमां आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, आईला गर्भारपणात कर्करोग झालेल्या १२९ मुलांची तपासणी प्रसिद्ध केली. त्यांतील ९६ मुलांच्या आयांना गर्भारपणातच केमोथेरपी मिळाली होती. तुलनेच्या मुलांच्या मानाने त्यांची वाढ, बुद्धी, हृदय यांत उणीव दिसली नाही. बुद्धीच्या वाढीत जो फरक दिसला तो मुदतपूर्व जन्माशी जुळत होता, औषधाशी नव्हे. म्हणून उपचार लांबू नयेत यासाठी बाळाला घाईने बाहेर काढण्याची जुनी रीत आता टाळतात. पहिले बारा-चौदा आठवडे बाळाचे अवयव घडत असतात, तेव्हा केमोथेरपी देत नाहीत. त्यानंतर कित्येक औषधे देता येतात, मेथोट्रेक्सेट सोडून. स्तनाच्या गाठीची शस्त्रक्रिया कोणत्याही महिन्यात होऊ शकते. बाळंतपणाआधी सुमारे तीन आठवडे औषध थांबवतात, म्हणजे रक्त सावरते. ओटीपोटावरचे किरणोपचार मात्र गर्भ राखून देता येत नाहीत. म्हणून गर्भाशयमुखाचा पुढे गेलेला कर्करोग किंवा पहिल्या महिन्यांतच उद्भवलेला रक्ताचा तीव्र कर्करोग असेल, तर जुना निर्दय प्रश्न आजही शिल्लक राहतो. तो नाकारण्यात अर्थ नाही. पण पुष्कळ प्रसंगी आता प्रश्न 'आई की मूल' असा उरलेला नाही. कोणत्या आठवड्यात काय करायचे, असा तो झाला आहे.

या बदलाची दखल साहित्याने घ्यावी, असे आमचे मत आहे. स्वतःला विसरून मुलासाठी मरणारी आई आपल्या वाङ्मयात पूज्य आहे. तिची थोरवी कमी करण्याचा आमचा हेतू नाही. पण त्या थोरवीच्या आडून एक हिशेब चालतो: बाई दोन जिवांची झाली की दुसरा जीव मोजला जातो आणि पहिला गृहीत धरला जातो. वर्गात ही व्यक्तिरेखा शिकवताना, तिला कोणी पर्याय सांगितले होते काय, हा प्रश्न विचारायला हरकत नसावी. त्याग हा निवडलेला असेल तरच त्याग. न विचारता घडवलेल्या गोष्टीला दुसरे नाव असते.

नांदेड आणि लातूर ही आज वैद्यकीय प्रवेशपरीक्षेच्या शिकवण्यांसाठी महाराष्ट्रभर प्रसिद्ध असलेली शहरे आहेत. 'लातूर पॅटर्न' हा शब्द तर भाषेतच रुळला. दरवर्षी येथून शेकडो मुलेमुली डॉक्टर व्हायला निघतात. त्यांतील कोणाच्या तरी समोर उद्या छातीत गाठ घेऊन एखादी सहा महिन्यांची गर्भवती बसेल, आणि तिच्या मागे उभे असलेले कोणी म्हणेल, बाळंतपण होऊ द्या, मग बघू. किती आठवडे थांबायचे आणि कशासाठी, असे त्या डॉक्टरने उलट विचारले पाहिजे, आणि उत्तर मागे उभ्या असलेल्यांकडून न घेता समोर बसलेलीकडून घेतले पाहिजे.